झाकण उघडं ठेवून आणलेला लॅपटॉप

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मी कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो, बारा वर्षं झाली, "व्हायरस आलाय" हे वाक्य रोज एकदोनदा तरी ऐकतोच. पण त्या मंगळवारी सकाळी काकू ज्या आल्या ते मी विसरू शकत नाही. दोन्ही हातांवर उघडा लॅपटॉप, आरतीचं ताट धरतात ना तसा, चार्जरची वायर खांद्यावर, आणि तशाच रामबागेतून ऑटोत बसून आलेल्या. मी म्हटलं काकू, बंद करून तरी आणायचा, तर म्हणाल्या, "नको रे, बंद केला तर सगळं उडेल असं सांगितलंय त्यांनी."

स्क्रीनवर निळं पान, त्यावर विंडोज डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) नावाची चौकट, ट्रोजन म्हणजे एक प्रकारचा व्हायरस सापडला, कॉम्प्युटर लॉक केलाय, या नंबरवर लगेच फोन करा, आणि मागून एक बाई इंग्रजीत तेच तेच बोलून राहिलेली. रात्रभर ती बोलत होती म्हणे. काकूंनी स्पीकरवर उशी ठेवली होती, स्वतः शेजारी खुर्चीत बसून होत्या.

आता हे पान मला दुरूनच कळतं, कारण त्यात फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये किंवा वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. ते नुसतं एक वेबपेज असतं, फुल स्क्रीन केलेलं, माउसचा बाण लपवलेला, म्हणजे माणसाला वाटावं मशीन अडकलं. एस्केप दाबून धरलं की बहुतेक वेळा सुटतं, नाही सुटलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर एंड टास्क करायचा, आणि परत उघडल्यावर तो "रिस्टोर करू का" विचारतो तिथे हो म्हणायचं नाही. एक मिनिटाचं काम आहे.

पण मी कीबोर्डला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, प्रत्येकाला. "काकू, त्या नंबरवर फोन केला होता का?"

काकू काही बोलल्या नाहीत. पिशवीच्या बंदाला पीळ देत बसल्या. मी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, दुकानातल्या पोराला चहा आणायला पाठवलं आणि थांबलो. इथे घाई केली, "अहो असं कसं केलंत" म्हटलं, की माणूस गप्प होतो आणि नुसतं "तू फॉरमॅट मारून दे" म्हणतो. आणि फॉरमॅट मारून गेलेले पैसे परत येत नाहीत.

मग हळूहळू आलं सगळं. फोनवरचा मुलगा फार गोड बोलला, माताजी माताजी करत होता. त्याने एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला लावलं, त्यातला नंबर वाचून घेतला, मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक नोंदींची वही, उघडून लाल खुणा दाखवल्या, बघा किती व्हायरस. (त्या लाल खुणा चांगल्या चालणाऱ्या मशीनमध्येही शेकड्याने असतात, माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्येही आहेत.) मग हॅकर बँकेपर्यंत पोचलेत का ते बघू म्हणून नेटबँकिंग उघडायला लावलं, सिक्युरिटीचे म्हणून ९,९९९ रुपये, ओटीपी काकूंनी सांगितला. आणि शेवटी परत तेच निळं पान लावून म्हणाला, आता रात्रभर स्कॅनिंग चालेल, सकाळपर्यंत बंद करू नका.

हे ऐकलं आणि मी खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. घड्याळाशेजारी एनीडेस्कचं लाल चिन्ह होतं. म्हणजे काकू खुर्चीत बसून ज्याची राखण करत होत्या तो लॅपटॉप रात्रभर त्या माणसाला उघडा होता. मी आधी वायफायच बंद केलं, दुकानाच्या नेटला चुकून सुद्धा जोडायला नको म्हणून. मग म्हटलं काकू, मोबाईल द्या जरा, मेसेज बघू. रात्री २:१०, २:१२, २:१५. तीन ओटीपी. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होता, त्यामुळे तो आत शिरू शकत होता, फक्त ओटीपी फोनवर येत होते आणि फोन काकूंनी स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवला होता. माझ्या हाताला घाम आला खरंच.

तिथल्या तिथे काउंटरवरूनच १९३०, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, लावला. ट्रान्झॅक्शन नंबर, वेळ, रक्कम सगळं मेसेजमधून वाचून सांगितलं, मग बँकेला फोन करून नेटबँकिंग बंद. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यावर पडतं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे, म्हणून मी साफसफाईच्या आधी फोन करायला लावतो. नवीन पासवर्डसुद्धा मोबाईलवरूनच करायला लावला, त्या लॅपटॉपवरून नाही.

"कोण असतात रे ही माणसं?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं ऑफिस थाटून बसतात काकू, शिफ्टमध्ये कामं करतात, २०२३ मध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ मध्ये अशांवर धाडी टाकल्या, मायक्रोसॉफ्ट आणि अमेझॉननेच तक्रारी केल्या होत्या. एवढ्या मोठ्या लोकांचं नाव वापरून फसवतात तर तुमची काय चूक.

मग लॅपटॉप. एनीडेस्क काढलं (ते स्वतः वाईट नाही, मी पण वापरतो), इन्स्टॉलची यादी तारखेने लावून कालचं आणखी एक काहीतरी काढलं, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला, पंधराएक मिनिटं लागली, काही निघालं नाही. पण परत सुरू करून माझ्या मोबाईलच्या नेटवर ब्राउझर उघडला तर कोपऱ्यात टिंग! अँटीव्हायरसचा लोगो, "५ व्हायरस सापडले". काकू दचकून उभ्याच राहिल्या. मी त्यांना जवळ बोलावून दाखवलं, लोगोकडे नका बघू, ही बारीक करडी ओळ वाचा. तिथे क्रोम लिहिलं होतं आणि पुढे कुठल्यातरी साइटचा भलताच पत्ता. भजनी मंडळासाठी आरत्यांची पीडीएफ शोधताना "रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं आलं होतं, ते दाबलं गेलं. सेटिंग, प्रायव्हसी, साइट सेटिंग, नोटिफिकेशन, तिथे अशा चौदा साइट होत्या. मी दोन काढल्या, बाकीच्या बारा काकूंना काढायला लावल्या, चष्मा पुसून एकेक नाव वाचून काढत होत्या.

"मुलाला नको सांगायला," मध्येच म्हणाल्या. मी म्हटलं सांगा काकू, इथे बसूनच सांगा. पुण्याला फोन लागला, पाच मिनिटं बोलल्या, थोड्या रडल्या, मग फोन माझ्याकडे दिला आणि तो मुलगा एवढंच विचारत होता की आई जेवली का.

निघताना लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, "आता लावू ना रे झाकण?"

लावा, म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी हळूच मिटवला आणि पिशवीत ठेवला.