तुम्ही विचारलंत म्हणून: पार्कात पोरांना खायला काय घालता?

सुट्टी जवळ आली की हा प्रश्न येतोच. शाळेतल्या सहकारी विचारतात, निपाणीहून नणंदेच्या ओळखीच्या बायका फोन करतात, समोरच्या काकू तर दारातच गाठतात. "काय ओ भाभी, पोरांना घेऊन वंडरलासारख्या मनोरंजन पार्कात जाता, सिंगापूरलाही जाऊन आलात. तिथं खाता काय? तुमचं ते हलालचं कसं जमतं?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही येतं, "व्हेज खायचं की! एका दिवसाचा तर प्रश्न."

व्हेज खाऊन भागतं. भारतात बऱ्यापैकी भागतं, बाहेर मात्र नाही, ते पुढं सांगते. पण पोरांना पार्कात चिकन मिळालंच पाहिजे असा माझा हट्ट कधीच नव्हता. स्वयंपाकघरानं सरळ उत्तर द्यावं, एवढीच माझी अपेक्षा असते. मांस कुठून आलं, कापलं कसं, कुठल्या तेलात तळलं. उत्तर मिळालं की आम्ही निवांत बसून जेवतो.

डुक्कर आणि दारू टाळली की झालं हलाल, असं इथं पुष्कळांना वाटतं. ती दोन्ही हराम आहेतच. पण बकरं, कोंबडी हे खाण्यातलं जनावरसुद्धा अल्लाहचं नाव घेऊन, गळ्यावर सुरी फिरवून कापलेलं असावं लागतं, आणि रक्त वाहून गेलेलं असावं लागतं. मेलेलं जनावर आणि रक्त कुराणानं स्पष्ट मना केलंय. म्हणून "आमच्याकडं पोर्क नाही" हे अर्धंच उत्तर होतं.

आमच्या बेळगाव भागातल्या जुन्या माणसांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. जत्रेचं बकरं मुलाणी कापायचा, बिस्मिल्ला म्हणून, आणि ते शिजायचं मराठ्यांच्या घरात. बलुतेदारीत ते त्याचं कामच होतं, त्याबद्दल त्याला धान्य मिळायचं. मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय मटण न खाणारी हिंदू घरं गावोगाव होती. मुल्ला, मुलाणी ही आडनावं चिकोडी-हुक्केरीकडं आजही सर्रास भेटतात.

2022 च्या युगादीच्या सुमारास कर्नाटकात हलाल मांसावरून मोठा वाद झाला. तेव्हापासून मी बघते, आमच्यातल्या कितीतरी बाया काउंटरवर हा प्रश्न विचारायला कचरतात. मागं रांग असते, कुणीतरी वळून बघतं, मग पोरांच्या हातात वेफर्सचं पाकीट देऊन त्या बाजूला होतात. मला हे फार लागतं. तिकीट सगळ्यांनी सारखंच काढलेलं असतं. दिवसभर उन्हात पळालेल्या पोराला दुपारी पोटभर जेवण मिळावं, यात आई काही जगावेगळं मागत नाही.

आता इथल्या पार्कांचं. आपल्या मुंबई-बेंगळुरू हायवेच्या एका अंगाला खोपोलीचं इमॅजिका, 2013 मध्ये सुरू झालेलं. दुसऱ्या अंगाला बेंगळुरूपलीकडं म्हैसूर रस्त्यावर बिडदीचं वंडरला, 2005 चं. बेळगावहून कुठंही गेलं तरी रात्रभराचा प्रवास. जाता-येता सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, दशम्या आणि डबाभर कुंदा असतो, सकाळी दावणगेरेत बेण्णे डोसा मिळतो, त्यामुळं वाटेतल्या खाण्याची मला कधी काळजी नसते. अडचण गेटवर सुरू होते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पार्कांत बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं तेवढं सोडतात. मग आत जे मिळेल त्यावरच दिवस काढायचा.

आणि आत हलालचा शिक्का शोधायला गेलं तर देशातल्या विक्रीसाठी तसा सरकारी शिक्काच नाही. जमियत उलमा-ए-हिंदचा हलाल ट्रस्ट, चेन्नईची हलाल इंडिया अशा खासगी संस्था प्रमाणपत्र देतात. काउंटरवर विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "असतंय मॅडम, सगळं हलालच असतंय." एवढ्यावर मी खात नाही. पोरगा खोटं बोलतो असं मुळीच नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी मॅनेजरला बोलवायला सांगते आणि शांतपणे विचारते, चिकन कुणाकडून येतं, त्याचा कागद किंवा खोकं बघायला मिळेल का. एका ठिकाणी मॅनेजरनं फ्रीझरमधलं खोकंच आणून त्यावरचा छाप दाखवला. तिथं आम्ही बिर्याणी घेतली, पोरांनी दोनदा मागून खाल्ली. दुसऱ्या एका पार्कात "नको असेल तर खाऊ नका" असं ऐकून घ्यावं लागलं. तिथं डाळ-भात.

डाळ-भाताला नावं ठेवायची नाहीत मला. आपल्या देशात पाकिटावरचा हिरवा ठिपका आमच्यासाठी मोठी सोय आहे. जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून काढतात, त्यामुळं हिरव्या ठिपक्याच्या जेलीत, मार्शमेलोत, आईस्क्रीममध्ये ते नसतं. दारूचा अंश मात्र त्या ठिपक्यावरून कळत नाही, तेवढ्यासाठी घटकांची यादी वाचायची.

तळणाचं मात्र विचारावंच लागतं. फ्रेंच फ्राइज बटाट्याचे, पण ज्या तेलात नगेट्स तळले त्याच तेलात तळलेले असतात पुष्कळदा. हा प्रश्न फक्त माझा नाही. समोरच्या काकू लिंगायत, अंडंसुद्धा न खाणाऱ्या. शेडबाळची माझी मैत्रीण जैन, तिला कांदा-बटाटाही नको. आम्ही एकत्र सहलीला गेलो की काउंटरवर तिघी मिळूनच उभ्या राहतो. काकू तेलाचं विचारतात, मैत्रीण ग्रेव्हीचं, मी मांसाचं. स्वयंपाकघर नीट चालत असेल तर तिघींनाही पाच मिनिटांत उत्तर मिळतं. तीन बाया मिळून विचारतात तेव्हा मागच्या रांगेतलंही कुणी कुरकुरत नाही, असं मी पाहिलंय. म्हणून एकट्यानं विचारायला संकोच वाटणाऱ्यांना मी सांगते, सोबतीला शेजारीण घ्या.

परदेशात "व्हेज खायचं की" हा सल्ला लंगडा पडतो. भाज्यांच्या नूडल्समध्ये ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस असतो, जपानी पदार्थांत मिरीन नावाची तांदळाची दारू असते, बिस्किटात आणि पेस्ट्रीत डुकराची चरबी असू शकते, चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट. हिरवा ठिपकाही तिथं नाही. आमच्या काकूंची सिंगापुरात माझ्याहून जास्त पंचाईत झाली.

सिंगापूरचं नाव घेतलं म्हणून तिथलं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. तिथं मुइस ही इस्लामी बाबींची वैधानिक संस्था आहे, 1968 मध्ये स्थापन झालेली, आणि 1978 पासून ती हलाल प्रमाणपत्र देते. ज्या स्वयंपाकघराला ते मिळालं तिथं डुकराचं किंवा दारूचं काही आणताच येत नाही. सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत असं प्रमाणपत्र असलेली खाण्याची ठिकाणं आहेत. पण नीट लक्षात घ्या, प्रमाणपत्र त्या-त्या दुकानाला असतं, अख्ख्या पार्कला नाही. त्याच्यावर मुदतीची तारीख असते. एका दुकानाला आहे म्हणून शेजारच्याला असेल असं धरून चालू नका. काही दुकानांवर "नो पोर्क, नो लार्ड" अशी पाटी दिसते. ती वाचून आपली माणसं आनंदानं आत शिरतात. त्या पाटीचा अर्थ डुक्कर नाही, डुकराची चरबी नाही, एवढाच. कोंबडी कशी कापली याबद्दल ती पाटी काही बोलत नाही. मुइसची यादी इंटरनेटवर आहे, निघायच्या आठवड्यात ती पुन्हा बघा.

पलीकडं मलेशियात जोहोरला लेगोलँड आहे, 2012 चं. पुष्कळ जण सिंगापूरला जोडून ते करतात. तिथं जाकीम या सरकारी इस्लामी खात्याचं हलाल चिन्ह बघायचं. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये, जे 2005 मध्ये उघडलं, ताहितियन टेरेस आणि एक्स्प्लोरर्स क्लब ही दोन नावं मुस्लिम प्रवाशांत पूर्वीपासून माहीत आहेत, तिथं हलाल जेवण मिळत आलंय. अबुधाबीच्या फेरारी वर्ल्डला, दुबईच्या पार्कांना माझ्या मते आपल्याकडच्या आईनं काळजी करायचं कारणच नाही. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये स्वतःचा डबा आत नेता येतो, काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. मुलाकडं अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. इथून नेलेली शेंगाचटणी तिथं कामाला येते. तिथले आमचे काही नातेवाईक ज्यू-ख्रिश्चनांच्या हातचं मांस कुराणाच्या आधारानं खातात, काही खात नाहीत. मी खात नाही. पण त्यांच्या ताटाकडं बोट दाखवायला मी जात नाही.

माशांचं विचारतात, म्हणून तेही. मासा कापायचा प्रश्न नसतो, तो तसाच हलाल. पण आमच्या एका घरातच दोन रीती आहेत. हनफी आणि शाफई या इस्लामी कायद्याच्या दोन परंपरा. आम्ही हनफी, खेकडा खात नाही, कोळंबीवरून तर आमच्या मौलवींतच दोन मतं. रत्नागिरीहून आलेली माझी जाऊ शाफई, तिला समुद्रातलं सगळं चालतं. पार्कातल्या सीफूडच्या दुकानात ती पोरांना घेऊन बसते, मी तेलाचं विचारून फ्राइज घेते, आणि आमचं छान चालतं. घरातल्या घरात एवढं सांभाळून घेता येतं, तर पार्कवाल्यांना चार प्रश्नांची उत्तरं देणं जड जाऊ नये.

विमानाचं थोडक्यात: तिकीट काढतानाच किंवा निदान एक-दोन दिवस आधी मुस्लिम जेवण सांगून ठेवा. त्याचा कोड एमओएमएल. ऐनवेळी मागून मिळत नाही.

पार्कलाही जायच्या आठवडाभर आधी मेल करा. लांबलचक लिहू नका. आम्ही मुस्लिम कुटुंब आहोत, अमुक तारखेला येतोय. तुमच्या कुठल्या दुकानाला हलाल प्रमाणपत्र आहे, ते कुणी दिलंय, मुदत कधीपर्यंत. फ्राइज वेगळ्या तेलात तळता का. नसेल तर जेवणाचा डबा आत आणायला परवानगी मिळेल का. एवढंच. उत्तर आलं तर फोनमध्ये जपून ठेवा, काउंटरवरच्या पोराला माहीत नसेल तेव्हा तेच दाखवता येतं. उत्तर आलंच नाही तर दुपारी गेटबाहेर येऊन डबा खाता येईल का, पुन्हा आत सोडतात का, हे फोन करून विचारा. तसं ठरलं तर पोरांनाही बेळगाव सोडायच्या आधीच सांगून ठेवा.