व्हाँसेनचा प्री दामेरिक: जाणं, बघणं आणि पैसे लावणं

जानेवारीचा शेवटचा रविवार हा युरोपातल्या हार्नेस रेसिंगचा, म्हणजे घोड्यामागे हलकी गाडी जोडून होणाऱ्या शर्यतींचा, सर्वांत मोठा दिवस. पॅरिसच्या पूर्वेला, व्हाँसेनच्या जंगलातल्या रेसकोर्सवर प्री दामेरिक धावली जाते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने केलेल्या मदतीची आठवण म्हणून १९२० साली ही शर्यत सुरू झाली. अंतर २७०० मीटर, घोडे १८. खच्ची केलेल्या घोड्यांना प्रवेश नाही, फक्त नर आणि माद्या. उराझी नावाच्या घोड्याने ती चार वेळा जिंकली: १९८६, ८७, ८८ आणि पुन्हा १९९०. अलीकडे इदाओ द तियार २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ जिंकला. त्याचा ट्रेनर तिएरी द्युव्हालदेस्तँ आणि सल्कीवर, म्हणजे घोड्यामागच्या दोन चाकी गाडीवर, त्याचाच मुलगा क्लेमाँ.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस बघणाऱ्यांना पहिला धक्का चालीचा बसतो. इथे घोडा दुडक्या चालीनेच पळायला हवा. तो चौखूर उधळला की ड्रायव्हरने त्याला लगेच आवरायचं. फार वेळ उधळला, त्यात पुढे सरकला किंवा अंतिम रेषा तशीच ओलांडली, तर बाद. बाद घोड्यावरचे पैसे परत मिळत नाहीत. शर्यतीआधीच माघार घेतलेल्या घोड्याचे मात्र मिळतात. त्यामुळे रेस संपली म्हणून तिकीट फाडू नका आणि नाचूही नका. चौकशी जाहीर झाली तर निकाल अधिकृत होईपर्यंत पहिला आलेला घोडाही यादीतून जाऊ शकतो.

पोहोचायचं कसं

नावावरून फसू नका. मेट्रो १ चं शातो द व्हाँसेन हे शेवटचं स्टेशन आणि आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ए लाइनवरचं व्हाँसेन स्टेशन, दोन्ही रेसकोर्सपासून लांब पडतात. उतरायचं आहे ते ज्वानव्हील-ल-पाँ इथे, आरईआर ए नेच. मात्र व्हाँसेनच्या पुढे या लाइनला दोन फाटे फुटतात. एक डिस्नेलँडकडे, म्हणजे मार्न-ला-व्हालेला जातो. पर्यटकांची गर्दी त्याच गाडीला असते आणि नवखा माणूस तिच्यामागे चढतो. तुम्हाला बुआसी-सँ-लेजेकडे जाणारी गाडी हवी. प्लॅटफॉर्मवरच्या बोर्डावर ज्वानव्हीलच्या नावापुढे दिवा लागलाय ना, ते बघूनच चढा. चुकलात तर व्हाँसेनलाच उतरून गाडी बदला. त्यापुढे गेलात तर उलटं यावं लागेल. ज्वानव्हीलपासून पायी साधारण पंधरा मिनिटं. रविवारी या लाइनवर दुरुस्तीची कामं निघतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक तपासा.

या दिवसाचं प्रवेश तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा आणि मोठ्या शर्यतीच्या किमान तीन तास आधी आत शिरा. गर्दी हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे घोडे शर्यतीच्या बऱ्याच आधी ट्रॅकवर सराव फेऱ्या मारतात आणि त्या फुकट बघायला मिळतात. थंडी कोरडी नसते. उघड्या मैदानावर वारा सुटतो, म्हणून पायात जाड मोजे आणि जलरोधक बूट हवेत. ट्रॅक काळ्या जळक्या खंगराचा आहे, कठड्याला टेकून उभं राहिलात तर फिकट रंगाचा कोट घालू नका.

ट्रॅक समजून घ्या

मोठा ट्रॅक १९७५ मीटरचा, डावीकडे वळणारा. २७०० मीटर म्हणजे एका फेरीपेक्षा बरंच जास्त. आधी उतार, मग सपाटी, आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये चढ. निकाल बहुतेक वेळा या चढावर ठरतो. उतारावर जोर मारून पुढे गेलेला घोडा इथे धापा टाकतो, आणि दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने आलेला ताजा राहतो. म्हणून टीव्हीच्या पडद्यावर फक्त आघाडीचा घोडा बघत बसू नका. चढ सुरू होताना कुणाच्या पुढे आडोसा आहे आणि कोण बाहेरच्या बाजूने एकटा वारा खातोय, ते बघा.

काही शर्यतींत घोडे धावत्या मोटारगाडीमागून वेग घेत सुटतात, तसा स्टार्ट इथे होत नाही. घोडे मागे गोल फिरून एका इशाऱ्यावर सुटतात, आणि १८ जणांना एकत्र सोडताना स्टार्ट फसून पुन्हा घ्यावा लागणं नेहमीचं आहे. तापट घोडा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात बिथरतो आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच उधळतो. ज्याचा उधळण्याचा इतिहास आहे, त्याच्यावर इथे पैसे लावताना दोनदा विचार करा. कापडावरच्या नंबरात आतली-बाहेरची जागा शोधू नका: अशा स्टार्टला नंबर कमाईप्रमाणे दिले जातात, आणि १८ नंबर सर्वांत जास्त कमावलेल्या घोड्याचा असतो.

रेसबुक वाचताना

घोड्याच्या नावाचं पहिलं अक्षर बघा. फ्रेंच ट्रॉटरमध्ये दरवर्षीच्या जन्मांना एक अक्षर ठरलेलं असतं: २०१८ चे आय, २०१९ चे जे, २०२० चे के, २०२१ चे एल. एका नजरेत वय कळतं. परदेशी घोड्यांना हा नियम नाही.

मागच्या निकालांच्या ओळीत सर्वांत अलीकडची शर्यत डावीकडे असते. आकड्यापुढे ए म्हणजे सल्कीसह, एम म्हणजे पाठीवर स्वार घेऊन. डी म्हणजे बाद. शून्य म्हणजे पहिल्या नऊतही नाही. प्रत्येक निकालापुढे दर किलोमीटरचा वेळही मिळतो, पण तो थेट जुळवायचा नाही. गाडीमागून सुटणाऱ्या २१०० मीटरच्या शर्यतीत घोडा आधीच वेगात असतो, त्यामुळे तो वेळ नेहमी चांगला दिसतो. २७०० मीटरला १ मिनिट ११ सेकंदांचा दर म्हणजे एकूण ३ मिनिटं ११.७ सेकंद. हे चढासकट आणि मोटारगाडीमागून आयता वेग न मिळता पळायचं असतं.

आता नालांचा रकाना. माझ्या मते अख्ख्या पानावर याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही. डी ४ म्हणजे चारही नाल काढलेले, डीए म्हणजे पुढचे दोन, डीपी म्हणजे मागचे दोन. नाल काढले की पाय हलका होतो, चाल लांबते, वेग वाढतो. पण खूर झिजतो, म्हणून ट्रेनर दर वेळी काढत नाही. हिवाळ्यातल्या पात्रता शर्यतींत, म्हणजे ब्रेतान्य, बुर्बोने, बुर्गोन्य, बेल्जिक यांत, बरेच जण नाल ठेवून घोड्याला सरावापुरतं पळवतात. तिथला सहावा नंबर बघून लोक घोडा सोडून देतात. तोच घोडा शेवटच्या रविवारी डी ४ होऊन येतो आणि भाव चांगला मिळतो. स्वीडनमध्ये हिवाळ्यात बिननाली पळवायला बंदी असते, त्यामुळे तिकडून आलेल्या घोड्याचे तिथले शेवटचे निकाल नालांसह असतात, हेही धरा. नालांची अंतिम नोंद त्याच दिवशी तपासा. आदल्या दिवशीच्या छापील कागदावर विसंबू नका.

पैसे लावणं

फ्रान्सच्या रेसकोर्सवर बुकी नाहीत. १८९१ च्या कायद्यापासून सगळं टोटवर चालतं, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून त्यातून जिंकणाऱ्यांना वाटले जातात; आता हे पीएमयू या फ्रेंच बेटिंग संस्थेमार्फत होतं. म्हणजे तिकीट काढताना दिसणारा भाव पक्का नसतो. डाव घेणं बंद होईपर्यंत तो हलतो. या दिवशी फेवरिटवर देशभरातून पैसा पडतो, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत भाव आणखी खाली येईल असं धरूनच हिशेब करा.

सँप्ल गान्याँ म्हणजे आपलं विन, सँप्ल प्लासे म्हणजे प्लेस. आठ किंवा जास्त घोडे असतील तर प्लेस पहिल्या तिघांना. तिएर्सेमध्ये पहिले तीन घोडे ओळखायचे; ते अचूक क्रमाने लागलं की आपल्या तानालासारखं, पण क्रम चुकला तरी कमी रक्कम मिळते. कँते प्लुसमध्ये पहिले पाच, मूळ डाव २ युरोचा. १८ घोड्यांत पाच जणांचे क्रम १०,२८,१६० होतात, यावरून त्याची अवघडता कळावी. क्रम न बघता सहा घोड्यांची जुळणी घेतली तर सहा डाव, १२ युरो. सात घेतले तर २१ डाव, ४२ युरो. आठ घेतले तर ५६ डाव, ११२ युरो. एक घोडा वाढवला की खर्च असा उडी मारतो. पन्नास किंवा पंचवीस टक्के डावाचा फ्लेक्सी पर्याय असतो, पण मग बक्षीसही त्याच प्रमाणात. नवख्याने मोठ्या शर्यतीत एक विन आणि एक प्लेस घ्यावा, कँतेला ठरलेली छोटी रक्कम ठेवावी. जितका क्लिष्ट डाव तितका टोटचा वाटाही मोठा.

खिडकीवर क्रमाने सांगा: शर्यत नंबर, डावाचा प्रकार, रक्कम, घोड्याचा नंबर. हे कागदावर लिहून पुढे केलं तरी चालतं. तिकीट हातात आल्यावर तिथेच वाचा. मोठ्या शर्यतीच्या आधीच्या वीस मिनिटांत रांगा अंगावर येतात, म्हणून डाव त्याआधीच्या शर्यतीच्या वेळीच लावून मोकळे व्हा. यंत्रं जिंकलेली रक्कम पावतीच्या रूपात देतात, ती खिडकीवर वटवावी लागते. रोख युरो जवळ ठेवा. वय १८ पूर्ण हवं.

भारतात बसून परदेशी साइटवर पैसे लावणं आपल्या परकीय चलनाच्या नियमांत बसत नाही, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच केले आहेत. डाव लावायचा असेल तो तिथे, प्रत्यक्ष जाऊन.

शेवटची शर्यत संपायच्या आधी, मोठी शर्यत झाल्यावर अर्ध्या तासात निघालात तर ज्वानव्हीलला गाडीत बसायला जागा मिळते. जिंकलेलं तिकीट मात्र निघण्याआधी वटवा.