पहिली ते चौथीचे कला प्रकल्प: एका सत्राचा अनुभव

परळमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी प्राथमिक वर्गांना शिकवते. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिली ते चौथीच्या कला प्रकल्पांची जबाबदारी माझ्याकडे आली. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात चारही वर्गांचे प्रदर्शन मांडायचे होते. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोन तासिका आणि वर्गात चाळीसच्या आसपास मुले. मी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, एवढेच भांडवल.

पहिल्याच आठवड्यात मी चारही वर्गांना एकच विषय दिला: झाड. घोटीव कागदाची पाने कापून चिकटवलेला नमुना फळ्यावर लावला आणि पहिलीला दहा पाने, चौथीला पन्नास, असा हिशेब केला. पहिलीतली तीन मुले पाने कापता न आल्यामुळे रडली. चौथीने दहा मिनिटांत काम उरकले आणि उरलेल्या वेळात पट्ट्यांची लढाई केली. पानांची संख्या कमीजास्त केल्याने काम वयाला साजेसे होत नाही, हे कळायला मला दोन आठवडे लागले.

मग मी मुलांच्या कच्च्या वह्यांची मागची पाने पाहिली. पहिलीच्या चित्रांत माणूस, सूर्य आणि पंखा कागदभर तरंगत होते. दुसरीत बहुतेकांच्या चित्राखाली जमिनीची रेघ आली होती आणि घराच्या भिंतीतून आतले टीव्ही, गॅस, आजी असे सगळे दिसत होते. तिसरीत एकदा ठरलेला माणूस पुन्हा पुन्हा तसाच येत होता. चौथीच्या वह्यांत मात्र खोडाखोडच जास्त होती, कारण काढलेले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही ही खंत तिथे सुरू झाली होती. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे वयानुसार जे टप्पे मांडले आहेत, त्यांत जमिनीची रेघ साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास येते. माझ्यासमोरच्या वह्या तेच सांगत होत्या. ही वाढ कोणी शिकवून झालेली नव्हती आणि फळ्यावरच्या नमुन्याने ती लवकर घडवून आणता येणार नव्हती.

पहिलीला ठसेकाम दिले. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, हे मी ठरवून आणले होते. ताटलीत ओल्या फडक्याची घडी ठेवून तिच्यावर पोस्टर कलर ओतला म्हणजे ठसा ओघळत नाही, ही युक्ती दुसऱ्या दिवशी सुचली. माझ्या हातून एक भेंडी तिरकी कापली गेली. तिचे फूल लांबट उमटले आणि ती ज्याला मिळाली त्याच्याभोवती सारा वर्ग गोळा झाला. पुढच्या तासाला मी भेंड्या मुद्दामच वेड्यावाकड्या कापून आणल्या.

दुसरीचा विषय लोकलचा. प्रत्येकाने सारख्या मापाच्या कार्डशीटवर एक डबा करायचा आणि सगळे डबे जोडून मार्गिकेच्या भिंतीवर गाडी लावायची. या वर्गातल्या एका मुलीच्या खिडक्यांच्या कडा सारख्या फाटत होत्या. 'अगं, रेघेवरून काप,' असे मी तिला चारदा सांगितले. ती डावखुरी आहे हे दिसत असूनही मी तिची कात्री स्वतःच्या डाव्या हातात धरून पाहिली ती पाचव्या वेळी. नेहमीच्या कात्रीचे वरचे पाते डाव्या हातात रेघच झाकून टाकते, शिवाय पाती एकमेकांपासून सुटतात आणि कागद कापला न जाता मध्येच दुमडतो. क्रॉफर्ड मार्केटच्या भागात दोन-तीन दुकाने फिरून डावखुऱ्यांची कात्री मिळाली. ती मिळेपर्यंत मी सगळ्या वर्गालाच कात्री बंद केली आणि कागद बोटांनी फाडायला लावला. फाटक्या पांढऱ्या कडांमुळे दारात लोंबकळणारी गर्दी इतकी हुबेहूब साधली, की कात्री आल्यावरही माणसे फाडूनच केली गेली.

तिसरीला वारली चित्रे दिली, कारण ठरलेल्या आकारांतून मांडणी करण्याची हौस त्या वयात असते. वारली समाजात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चित्र, स्त्रिया लिहीत आल्या आहेत आणि या कलेला जगभर पोहोचवणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे मुलांना आधी सांगितले. नुसते त्रिकोण जोडले म्हणजे वारली झाली, असे वाटू द्यायचे नव्हते. तांदळाच्या पिठाचे पाणी कागदावर वाळले की पोपडे धरते, म्हणून त्यात थोडा डिंक घातला. तारप्याचा फेर, म्हणजे तारपा या वाद्याच्या तालावरचा गोलाकार नाच, मात्र सगळ्यांनी सरळ रांगेत काढला. शेवटी वर्गाला मार्गिकेत नेऊन हात धरून फेर धरायला लावला, तेव्हा कुठे कागदावरची रांग आत वळू लागली.

खरी कसोटी लागली ती चौथीत. चौथीला इतिहासात शिवछत्रपती असतात, म्हणून चार फूट बाय तीन फूट प्लायवर कागदाच्या लगद्याचा रायगड करायचे ठरले. वर्तमानपत्रे रात्रभर भिजवून, कुटून, मैद्याच्या खळीत मळली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डोंगर उभा केला. मुंबईच्या त्या हवेत तो वाळलाच नाही. सहाव्या दिवशी कपाट उघडले तर आंबूस वास आला आणि बालेकिल्ल्यावर हिरवट बुरशी. खळीत मोरचूद घाला, बाइंडिंगवाले घालतात, असे शाळेतल्या मामांनी सुचवले. मोरचूद विषारी, ज्या हातांनी मुले डबा खातात त्या हातांना ते लावू देणे शक्य नव्हते. सगळा लगदा फेकून द्यावा लागला. मुलांचे चेहरे पाहवत नव्हते.

त्यानंतर मी वर्षाचा क्रमच उलटा केला: पावसाळ्यात कोरडी कामे, म्हणजे नकाशे, मोजमापे, कागदी बुरूज, आणि लगदा थेट ऑक्टोबरच्या उन्हात, तोही रोज लागेल तेवढाच, पातळ थरांत. एकेक थर दोन दिवसांत खडखडीत वाळत होता. वाया गेलेले दोन महिने खरे तर वाया गेले नाहीत, कारण नकाशा पाहून पाहून मुलांना गड पाठ झाला होता. पश्चिमेला हिरकणी, उत्तरेला टकमक, पूर्वेला भवानी टोक. एकाने हिरकणी बुरूज चुकीच्या कड्यावर बसवला तेव्हा मला तोंड उघडावे लागले नाही. खऱ्यासारखे हवे, हा या वयाचा हट्ट चित्राच्या कागदावर त्यांना छळत होता. इथे तोच हट्ट कामी आला.

प्रदर्शनाच्या सकाळी गड दुसऱ्या मजल्यावरून खाली नेताना जिन्याच्या वळणावर प्लाय आडवा करावा लागला आणि टकमक टोक कठड्याला आपटून तुटले. पाहुणे यायला तासभर होता. मला काही सुचेना. तोवर दोघे जण कागद फाडायला बसलेही होते आणि तिसऱ्याने शिक्षकांच्या खोलीतला टेबलफॅन आणला. उद्घाटनाच्या वेळी सारा गड करडा आणि एक टोक तेवढे ओले, काळपट दिसत होते. त्याच्यासमोर चौथीच्या अक्षरात पाटी होती: 'टकमक टोकाला हात लावू नये. आजच बांधले आहे.'