तुम्ही विचारलंत म्हणून: मुखवट्याखालचा चेहरा

"तुम्ही जत्रेतल्या फडात वाढलेला माणूस. मग या जपानी मुखवटेवाल्या कार्टूनमध्ये तुम्हाला काय सापडतं?" मैदानात शेजारी बसणारे हे नेहमी विचारतात. 'किन्निकुमान'बद्दल बोलायला लागलो की मी थांबत नाही, म्हणूनही विचारत असतील.

शाळेपासूनचे दोन मित्र 'युदेतामागो' म्हणजे 'उकडलेलं अंडं' या नावाने ही चित्रकथा करतात. १९७९ मध्ये 'शोनेन जंप' साप्ताहिकात ती सुरू झाली, तेव्हा दोघंही १८ वर्षांचे होते. नायक किन्निकुमान, एका ग्रहाचा राजपुत्र. लहानपणी बापाने चुकून डुक्कर समजून त्याला यानातून पृथ्वीवर टाकून दिलेलं. कपाळावर 'मांस' हे अक्षर, आवडीचं खाणं गोमांस घातलेला भात. सुरुवातीचे भाग निव्वळ विनोदाचे आहेत, ते भरभर वाचले तरी चालतील. गोष्टीला खरा जीव येतो तो कुस्त्या लागल्यावर.

माझं उत्तर वॉर्समनमध्ये आहे. हा रशियाचा मल्ल, अर्धा माणूस आणि अर्धा यंत्र. लढत तीस मिनिटांच्या पुढे गेली की अंगातून धूर निघतो. चेहऱ्यामुळे लहानपणापासून हेटाळणी झालेली, म्हणून काळा मुखवटा. त्याचा वस्ताद रॉबिन मास्क. मल्लांच्या मागच्या ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत तो किन्निकुमानकडून हरलेला असतो आणि सूड घेण्यासाठीच त्याने हा पठ्ठ्या तयार केलेला असतो. पुढच्या ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत किन्निकुमान वॉर्समनचा मुखवटा उतरवतो आणि आतल्या तारा, धातू सगळ्यांसमोर येतात. पण किन्निकुमान हसत नाही. तोही मुखवट्यातच असतो, आणि त्याच्या कुळाचा नियमच असा की ज्याचा खरा चेहरा दिसला त्याने मरायचं. चेहरा लपवून जगणं काय असतं हे त्या मैदानात त्याच्याइतकं कुणाला कळणार? कुस्ती तो जिंकतो, आणि हरलेला वॉर्समन त्याचा मित्र होतो. आमच्याकडे पाठ लागल्यावर जिंकलेला पैलवान खालच्याला हात देऊन उठवतो. लहानपणी मी डावापेक्षा तो हात बघायचो.

पुढे हाच वॉर्समन मित्रासाठी बफेलोमन या बैलाच्या शिंगांच्या मल्लाशी भिडतो. बफेलोमनची ताकद एक कोटी, याची दहा लाख. तो हिशेब मांडतो: एका हातावर असतात तशी धातूची नखं दुसऱ्या हातातही चढवली की वीस लाख, दुप्पट उंच उडी घेतली की चाळीस लाख, आणि तिप्पट गिरकी घेतली की एक कोटी वीस लाख! तर्काला धरून यात काही नाही. पण दहा लाखांच्या मल्लाला मित्रासाठी तो हिशेब खरा करून दाखवायचाच आहे, आणि तो बफेलोमनचं एक शिंग तोडतो. हरतो. तरी मला ती कुस्ती पाठ आहे.

कागदावरचा डाव खऱ्या रिंगणातही आला. किन्निकुमान प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर उलटा धरून आपटतो, तोच डाव अमेरिकन व्यावसायिक कुस्तीतला सामोआ जो 'मसल बस्टर' म्हणून मारतो.

एक गोष्ट मात्र खुपते. भारताचा मल्ल आहे करी कुक. त्याच्या डोक्यावर करी-भाताचं ताट, आणि समोरच्याच्या जखमांना तो करी चोळतो. गामाच्या देशाला एवढंच? तिथे त्या दोन पोरांची नजर तोकडी पडली, असं मी स्पष्ट म्हणतो.

बघायचं असेल तर तोएई या जपानी स्टुडिओची १९८३ ते १९८६ ची मालिका आहे, १३७ भागांची. २०२४ पासून नवी मालिका आली, ती प्रॉडक्शन आय.जी.ने केली आहे. चित्र जास्त रेखीव हवं असेल तर नवी बघा. मला जुनीच जवळची वाटते, कारण तिथे बफेलोमनही हरतो आणि मग किन्निकुमानच्याच बाजूने उभा राहतो. तो बैल आपल्या बाजूला आला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.