गिरणेच्या वाळूसाठी मॉन्स्टर ट्रक: पिनियन १३, सेंटर डिफ एक लाख

गिरणेचं पात्र कोरडं पडलं की चाळीसगाव, भडगावकडे रिमोटवरचा ट्रक पळवायला याहून मोठं मैदान नाही. पण भुसभुशीत वाळू आणि वरून खानदेशचं ऊन, दोन्ही मिळून मोटरचा जीव काढतात. माझा ट्रक १/८ मापाचा, मोटर २०५० केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला २०५० फेरे), बॅटरी सहा सेलची. मूळचं गिअरिंग डांबरी रस्त्यावर छान पळतं. वाळूत ते जड पडतं. म्हणून या वेळी वेग सोडून उठाव धरला.

स्पर, म्हणजे मोठं दातेरी चाक, ५० दातांचा तसाच ठेवला; पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, १५ दातांवरून १३ वर आणलं. डिफमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा डिफरेन्शियल) मोठं चाक क्राउन ४३ दातांचं आणि त्याचं पिनियन १० चं, म्हणजे ४.३. एकूण रेशो १४.३३ होता, तो १६.५४ झाला. २२.२ व्होल्टवर मोटरचे भाराविना ४५,५१० फेरे धरले, तर चाकाचे मिनिटाला साधारण ३,१७५ वरून २,७५० वर येतात. वेग १३ टक्के गेला, त्याचं मला काहीच वाटत नाही. आधी मोटरवर बोट टेकवत नव्हतं, आता टेकवता येतं.

दात मॉड १ मापाचे, त्यामुळे हिशेब सोपा: जितके दात तितके मिलिमीटर पिच व्यास (दात जिथे भिडतात त्या वर्तुळाचा). पिनियनचे दोन दात कमी झाले की मोटर स्परकडे १ मिमी सरकवायची. मेश, म्हणजे दातांमधली फट, लावताना दातांत वहीच्या कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून काढायची. स्पर पूर्ण फेराभर फिरवून बघा, एखाद्या जागी घट्ट लागत असेल तर तिथूनच मेश धरा. पिनियन शाफ्टवर धरणाऱ्या ग्रब स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) हवंच.

सगळ्यात जास्त फरक मात्र पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या सेंटर डिफने पडला. वाळूत पुढची चाकं हलकी झाली की सगळी ताकद तिकडेच पळते, टायर फुगतात आणि ट्रक जागेवर वाळू उडवत बसतो. सेंटरला एक लाखाचं (हा दाटपणाचा आकडा, किंमत नव्हे) सिलिकॉन ऑइल भरलं, पुढे-मागे दहा हजाराचंच ठेवलं. आता मागची चाकं लगेच ढकलतात. अर्थात वळण थोडं रुंद झालं. उन्हात ऑइल पातळ होतं, हेही धरूनच जाड घेतलं.

मागचे ड्राइव्ह कप (चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचं टोक ज्यात बसतं ते) दांड्याच्या पिनेने खाल्ले होते. ओळखीच्या लेथवाल्या नानांकडून ईएन २४ पोलादाचे नवे करून घेतले. पाणी किती पाजायचं यावर नाना ठाम होते: "जास्त कडक करशी तं तुटी जाई, भाऊ." त्यांचं बरोबरच आहे. वाळूत चाक घसरतं, म्हणून कपावर तितका ताण येत नाही. उडी मारून थ्रॉटल दाबलेलं असताना चाक जमिनीला टेकतं, तेव्हा मोटरच्या आत फिरणाऱ्या रोटरचा सगळा झटका कपावर बसतो. कडक पण ठिसूळ कप तिथेच फुटेल. रेशो असा वाढवल्यावर तर रोटरचं जडत्व चाकाच्या बाजूला तिसऱ्या हिश्शाने वाढतं, कारण ते रेशोच्या वर्गाने मोजायचं असतं. तेव्हा ट्रक टेकण्याआधी बोट सैल करा, अगदी मनापासून सांगतो.

चाकांना ६८८ मापाची रबर सीलवाली बेअरिंग घातली. पत्र्याच्या झाकणाची वाळूत टिकत नाहीत, बारीक धूळ आत शिरतेच. बाहेरून ग्रीस चोपडू नका, त्याला वाळू चिकटते आणि दात घासले जातात.

मागच्या डिफमध्ये क्राउनला अजून किंचित खेळ आहे. ०.१ मिमीची शिम (पातळ चकती) घालून बघणार. जाम न होता खेळ गेला, तर काळ्या मातीत उतरवतो. चिखलासाठी मात्र १२ चं पिनियन लागेल असं वाटतं.