पायजम्याला ‘एस’ कुठून आला?

कऱ्हाडला आमचं शिलाईचं दुकान होतं. पावतीपुस्तकात बाबा लिहायचे, ‘पँट १, शर्ट २’. सहावीत मी इंग्रजीच्या पेपरात ‘माय ट्राउझर इज टोर्न’ लिहिलं आणि अर्धा मार्क गेला. विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘दोन पाय असतात ना, म्हणून अनेकवचन.’ मग शर्टाला दोन बाह्या नसतात का? हे विचारायचं तेव्हा राहून गेलं. आता मीच इंग्रजी शिकवते आणि गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीनं नेमकं हेच विचारलं.

बाईंचं उत्तर खोटं नव्हतं. बाबांच्या मशीनशेजारी बसून मी ते पाहिलेलं आहे. पँटचे दोन्ही पाय आधी वेगवेगळे शिवून होतात. मग एक पाय सुलटा करायचा, दुसरा उलटाच ठेवायचा, सुलटा त्या उलट्याच्या आत सरकवायचा आणि आसनाची शिवण एका दमात मारायची. आतला पाय बाहेर ओढला की पँट तयार. त्या शिवणीपर्यंत टेबलावर दोन वस्तू असतात. शर्टाचं तसं नाही. त्याची पाठ अखंड असते, बाह्या मागाहून मुंढ्यात बसवतात.

युरोपात तर मध्ययुगात पुरुष दोन पायांत दोन सुट्या ‘होज’ चढवून त्या नाड्यांनी वरच्या कपड्याला बांधत. पंधराव्या शतकात त्या मध्ये जोडल्या गेल्या. त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत पायांच्या कपड्याला ‘ब्रोक’ असा शब्द होता आणि त्याचं अनेकवचन ‘ब्रेक’, जसं फूटचं फीट. पुढे हे अनेकवचनच आहे याचा लोकांना विसर पडला आणि त्याला पुन्हा प्रत्यय लागून ‘ब्रीचेस’ झालं. अनेकवचनावर अनेकवचन!

पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. पायांच्या कपड्याला अनेकवचन हा साचा एकदा पडल्यावर इंग्रजीनं बाहेरून आलेला शब्दही त्यातच ओतला. ट्राउझर्सचं मूळ स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या गेलिक भाषेत आहे आणि तिथे तो शब्द एकवचनी आहे. इंग्रजीतही आधी ‘ट्राउझ’ होतं, मग ‘ड्रॉवर्स’च्या, म्हणजे आतून घालायच्या चड्डीच्या शब्दाच्या, वळणावर ट्राउझर्स झालं. फ्रेंच ‘पाँतालाँ’ एकवचनी, इंग्रजीत त्याचं पँटलून्स आणि पुढे पँट्स. आणि आपला पायजमा! फारसी पाय आणि जामा, म्हणजे पायांचा कपडा. एकच कपडा. हिंदुस्थानात साहेबानं तो अंगात घातला आणि त्याचं ‘पजामाज’ केलं. कापडात काही बदललं नव्हतं, पाय इथेही दोनच होते. म्हणून दोन पाय हे कारण सुरुवातीपुरतं खरं, पुढचं सगळं सवयीनं झालेलं. ब्रासुद्धा फ्रेंचमधूनच आली, पण ती पायांची नव्हे, म्हणून एकवचनीच राहिली.

आपण मराठीत पायांचा हिशोब कधी ठेवलाच नाही. विजार, लेंगा, सुरवार, चड्डी, सगळं एकवचनी. पँट इंग्रजीतून आली तर तिचा ‘एस’ आपण दाराबाहेरच ठेवला. मात्र एका जागी दोन्ही भाषा जवळजवळ सारख्या चालतात. ताग्यातलं ते कापड, अंगावरचे ते कपडे. तसंच क्लॉथ आणि क्लोद्झ. वर्गात हे सांगितलं तेव्हा ती मुलगी चटकन म्हणाली, ‘मॅडम, मग “एक क्लोद्झ” म्हणताच येणार नाही!’ बरोबर. नाहीच येत.

पेपर तपासताना ‘माय पजामा इज’ दिसलं की मार्क कापावाच लागतो. तो कापते आणि समासात लिहिते, ‘मधल्या सुट्टीत येऊन भेट.’