वडी तिरकी कापताना

परवा आई खोबऱ्याची वडी कापत होती आणि शेजारी बारावीतली पुतणी व्हेक्टरचं प्रकरण उघडून बसली होती. एका शब्दापाशी तिची गाडी अडली. "काका, हे म्हणायचं कसं? पॅरललो... पाईप?" मग कोल्हापूरच्या पोरींच्या ठसक्यात, "क्लासमध्ये सगळी नुसतं बॉक्स म्हणत्यात. मी पण तेच म्हणतो."

मी ताटातली एक वडी उचलून तिच्या हातावर ठेवली. सहा तोंडं, समोरासमोरची समांतर, प्रत्येक तोंड समांतरभुज चौकोन. मराठीत समांतर षट्फलक. तेही काही सोपं नाही म्हणा, पण निदान सुरी कुठं फिरवायची ते कळतं.

'पॅरललेपायपेड' ह्या ग्रीक शब्दाचं तसं नाही. सगळे त्याला 'पॅरललो' आणि 'पाईपेड' असा मधोमध कापतात. खरा जोड आहे पॅरललोस आणि एपिपेडॉन, म्हणजे समांतर आणि सपाट पृष्ठ. दोन स्वर समोरासमोर आले, त्यातला पहिला 'ओ' गळाला आणि 'ए' राहिला. आपण एक अधिक एक एकेक करतो, अगदी तसंच. 'पॅरललो' लिहिणारे गळालेला 'ओ' परत आणतात आणि बिचाऱ्या 'ए'ला हाकलतात.

एपिपेडॉन आणखी सुटतो. एपि म्हणजे वर, पेडॉन म्हणजे जमीन. हा पेडॉन आपल्या संस्कृत 'पद'चा भाऊबंद. म्हणजे शब्दात पाऊल खरंच आहे, पण ते शेवटच्या 'पेड'मध्ये. इंग्रजीत 'पॅरललेपायपेड' म्हणताना जो ठणठणीत पाय ऐकू येतो, तो 'एपि'च्या शेपटाचा. चक्क खोटा पाय!

इंग्रजीत त्या पायावरच जोर देतात. काही जण मात्र जोर अलीकडच्या 'ले'वर टाकतात, मग पायाचा नुसता 'पि' उरतो. मूळ ग्रीकमध्ये शब्दाचे उच्चारी तुकडे सात आणि आघात, म्हणजे जोर, पाचव्या 'पि'वर. ग्रीक गणिती युक्लिडनं 'एलिमेंट्स' ह्या आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या अकराव्या भागात हा शब्द वापरला, पण त्याची व्याख्या दिलीच नाही. आपल्याला आघाताची सवयच नाही. आपण सगळी अक्षरं रंकाळ्यावर फिरायला निघाल्यासारखी एकाच चालीनं सोडतो. पुतणीनंही तशीच सोडली, दोनदा अडखळून.

तोवर तिनं ताटाच्या कडेचे तिकोनी तुकडे मटकवायला घेतले होते. तिरकं कापलं की ते उरतातच.

"आणि ह्याला काय म्हणायचं?"

"प्रिझम. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच करवतीनं कापलेलं."

आईनं सुरी पुसली. "करवत कशाला लागतीया? पाक नीट उतरलाय. आणि ते कडेचं संपवू नगंस, तुझ्या बापाला आवडतंय."